चूक तिची की त्याची, हा वाद आधी बाजूला ठेवा

पत्र:

ताई, माझं वय २९, मिस्टरांचं ३२. लग्नाला सव्वा वर्ष होत आलं. पत्रिका पाहून, दोन-तीनदा भेटून ठरलेलं लग्न. माणूस चांगला आहे, आमच्या गप्पा रंगतात, त्यांनी केसांतून हात फिरवला की मला छान वाटतं. पण आमच्यात अजून संबंध झालेला नाही. प्रयत्न केला की माझं अंग आखडतं, खूप दुखतं, रडू येतं. ते थांबतात. कधी त्यांचं आधीच होऊन जातं, मग ते भिंतीकडे तोंड करून झोपतात. आता तर प्रयत्नच बंद झालेत. घर वन बीएचके, सासूबाई हॉलमध्ये झोपतात, आणि दर सणाला गोड बातमी विचारतात.

मागच्या महिन्यात आम्ही लॅपटॉपवर ‘ऑन चेसिल बीच’ हा इंग्रजी सिनेमा पाहिला. जुन्या काळातली प्रेमकथा म्हणून मीच लावला होता. संपल्यावर हे म्हणाले, ‘तिनं लग्नाआधीच सांगायला हवं होतं, ही फसवणूकच झाली.’ मी म्हणाले, ‘त्यानं एकदा तरी हाक मारायला हवी होती.’ तेव्हापासून या विषयावर आम्ही बोललेलो नाही. खरं कोणाचं? मी थंड आहे का? मावसबहीण म्हणते, असं लग्न कोर्टात रद्द होतं. मग मी त्यांना मोकळं करावं का? आणि एक गोष्ट. त्या बोटीच्या प्रसंगाला मी उठून पाणी प्यायला गेले. का गेले, ते लिहवत नाही.

– एक वाचक, पुणे

उत्तर:

तुझा नवऱ्याला मोकळं करण्याचा प्रश्न मी सगळ्यात आधी घेते, कारण तो वाचून मला काळजी वाटली. आत्ता तो विचारही करू नकोस. ज्या त्रासासाठी तुम्ही अजून एकदाही डॉक्टरांची पायरी चढलेला नाहीत, त्यापायी घर मोडायचं नसतं. पुढे कधी दोघांनी मिळून वेगळं व्हायचं ठरवलं तर तो निराळा विषय. पण अपराधी वाटतं म्हणून स्वतःला शिक्षा द्यायची आणि तिला त्याग म्हणायचं, हे मला पटत नाही.

आता तुझ्या शरीराबद्दल. तू जे वर्णन केलं आहेस ते डॉक्टर ज्याला ‘व्हजायनिस्मस’ म्हणतात त्याच्याशी बरंच जुळतं. योनीच्या तोंडाभोवतीचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, आत काही येणार असं वाटताच आपोआप आवळले जातात. डोळ्यांजवळ काही आलं की पापणी मिटते, ती आपण ठरवून मिटत नाही, तसंच हे. म्हणूनच ‘जरा सैल सोड’ असं कोणी कितीही सांगितलं तरी उपयोग होत नाही. दुखेल या भीतीने स्नायू आवळतात, आवळल्यामुळे दुखतं, आणि दुखल्यामुळे पुढच्या वेळची भीती वाढते. अर्थात मी तुला तपासलेलं नाही. जंतुसंसर्ग, तोंडाशी असणारी जळजळ, जाड पडदा, आत जन्मतःच असलेली पडद्यासारखी आडकाठी, अशी शारीरिक कारणंही असू शकतात. ती स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून बाजूला काढावी लागतात.

आणि तू थंड नाहीस. केसांतून हात फिरवला की छान वाटतं, हे तूच लिहिलं आहेस. इच्छा असणं आणि स्नायू आवळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच बाईच्या बाबतीत, एकाच रात्री, दोन्ही खऱ्या असू शकतात. तुम्ही पाहिलेल्या सिनेमातल्या नवरीचं, फ्लोरेन्सचं, काही अंशी हेच झालं होतं. नवऱ्यावर, एडवर्डवर, तिचं प्रेम होतं यात मला तरी शंका वाटत नाही.

सिनेमा न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. गोष्ट १९६२ सालच्या इंग्लंडमधली. फ्लोरेन्स व्हायोलिन वाजवणारी, ऑक्सफर्डच्या सुखवस्तू घरातली. एडवर्ड इतिहास शिकलेला, साध्या घरातला. लग्नानंतरची पहिली रात्र दोघं डॉर्सेटच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात घालवायला येतात. खोलीतच जेवण वाढलं जातं आणि शेजारी पलंग दिसत असतो. तिला आतून धास्ती वाटते, त्याला आपल्याला जमेल ना याची घोर चिंता, आणि दोघंही तसं काहीच बोलत नाहीत. व्हायचं तेच होतं. त्याचं लवकर होऊन जातं, तिला किळस येते आणि ती खोलीतून पळत सुटते. तो तिच्यामागे दगडगोट्यांच्या त्या लांबच लांब किनाऱ्यावर जातो आणि तिथे दोघं भांडतात. ती म्हणते, आपण एकत्र राहू, त्या सुखासाठी तू हवं तर दुसऱ्या कुणाकडे जा. त्याला तो अपमान वाटतो. ती निघून जाते, तो थांबवत नाही, लग्न रद्द होतं. पुढे ती संगीतात नाव कमावते. तो मात्र म्हातारपणी तिच्या मैफलीला प्रेक्षकांत बसलेला दिसतो.

आता ‘खरं कोणाचं?’ तुम्ही दोघांनी सिनेमाविषयी वाद घातलात असं मला वाटत नाही. तुझा नवरा म्हणाला, ‘आधी सांगायला हवं होतं.’ ते बहुधा त्याचंच दुखणं होतं: मला अंधारात का ठेवलं? आणि तू म्हणालीस, ‘एकदा हाक मारायला हवी होती.’ ते तुझं: तू भिंतीकडे तोंड करून का झोपतोस? दोन्ही गाऱ्हाणी रास्त आहेत. फक्त ती एडवर्ड आणि फ्लोरेन्सच्या तोंडून बोलली गेली, म्हणून घरात कोणालाच ऐकू आली नाहीत.

तरीही तुझ्या नवऱ्याच्या एका शब्दाशी मी असहमत आहे. फसवणूक व्हायला आधी माहिती असावी लागते. फ्लोरेन्सला आपल्याला भीती वाटते एवढंच कळत होतं. ती कसली, किती, लग्नानंतर जाईल की नाही, हे तिला कुठून कळणार? तिच्या हातात नवविवाहितांसाठीचं एक मार्गदर्शक पुस्तक होतं आणि त्यातले शब्द वाचूनच तिच्या अंगावर काटा आला. तुलाही लग्नाआधी माहीत नव्हतं. आपल्याकडे मुलीला सत्यनारायणाच्या पूजेत कुठे बसायचं ते चार बायका सांगतात. त्या रात्रीबद्दल मात्र ‘नवरा सांभाळून घेईल’ एवढंच. आणि नवऱ्याला तरी कोण सांगतं? त्याच्या वाट्याला मित्रांची थट्टा आणि मोबाइलवरचे व्हिडिओ. त्या व्हिडिओंत कोणीही घाबरत नाही, कोणाचंही लवकर होत नाही, कोणी रडत नाही. मग स्वतःच्या खोलीत तसं घडलं की त्याला वाटतं, हे जगात फक्त माझ्याच घरी आहे.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण सिनेमा पाहून बरेच जण म्हणतात, ‘तो काळच तसा होता, त्यांना मदत मिळणंच शक्य नव्हतं.’ ते अर्धंच खरं आहे. काळ संकोचाचा होता, हे बरोबर. गर्भनिरोधक गोळी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत मिळू लागली ती १९६१ च्या डिसेंबरात, आणि तीही आधी विवाहित स्त्रियांनाच. पण त्याच सुमारास तिथल्या कुटुंबनियोजनाच्या दवाखान्यांतले काही डॉक्टर मायकेल बॅलिंट या मनोविश्लेषकाबरोबर बसून याच प्रश्नावर काम करत होते: लग्न झालं आहे पण संबंध झालेला नाही, अशा स्त्रियांना कसं ऐकायचं, कसं तपासायचं. त्या कामावरचं पुस्तक आलं ते नेमकं १९६२ साली. म्हणजे फ्लोरेन्स खरी असती, तर तिच्या त्रासावर उपचार करणारे लोक तिच्याच देशात होते. तिला ते माहीत नव्हतं, आणि ज्या आईला विचारायचं तिच्याशी असलं काही बोलण्याची सोय नव्हती.

आपल्याकडे तर हे दार त्याहून कितीतरी आधी उघडलं होतं. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, ते १९५३ साली त्यांचं निधन होईपर्यंत. त्यात वाचक हेच सगळं विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कोर्टात त्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. ते म्हणणं मांडत होते की लैंगिक प्रश्नांवर लिहिणं म्हणजे अश्लीलता नव्हे. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, मासिक मात्र थांबलं नाही. तू पत्राच्या शेवटी ‘असलं विचारते म्हणून माफ करा’ असंही लिहिलं होतंस, ते मी वर छापलेलं नाही. या प्रश्नासाठी मराठीत कुणाला माफी मागावी लागू नये म्हणून त्या माणसाने उभं आयुष्य वेचलं.

आता बोटीचा प्रसंग. सिनेमात फ्लोरेन्सच्या लहानपणी वडिलांबरोबर बोटीवर गेल्याच्या आठवणी मध्येच चमकून जातात. तिथे काहीतरी वाईट घडलं असणार हे आपल्याला कळतं, पण ती ते कधीच कोणाला सांगत नाही. तुझ्या एका ओळीवरून मी काही तर्क करणार नाही. ज्यांना असा त्रास होतो त्यांपैकी कितीतरी जणींच्या बाबतीत लहानपणी असं काहीही घडलेलं नसतं. कडक धाक, ‘पहिल्या रात्री फार रक्त जातं’ अशा ऐकीव गोष्टी, एखादी वाईट पद्धतीने झालेली तपासणी, एवढंही पुरतं. आणि कधी कधी काहीच कारण सापडत नाही, तरी उपचार लागू पडतात.

पण काही घडलं असेल, तर तीन गोष्टी ऐक. त्यात तुझा काडीचा दोष नाही. ते लग्नाआधी सांगितलं नाहीस ही फसवणूक नाही. आणि ते सगळ्यात आधी नवऱ्यालाच सांगितलं पाहिजे, असंही नाही. एखाद्या मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक बाईंकडे एकटी जा. तिथे तुला हवं तेवढंच बोल, नको वाटेल तिथे थांब. जाणं आत्ता जमत नसेल तर फोनवर मानसिक आधार देणाऱ्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. नवऱ्याला कधी, किती आणि कोणत्या शब्दांत सांगायचं हे तू ठरवायचंस. तोपर्यंत ‘मला एका गोष्टीचा त्रास होतो, मी त्यावर मदत घेते आहे’ एवढं त्याला पुरे आहे.

नवऱ्याशी बोलायला सुरुवात कशी करायची? पलंगावर नको. दिवे मालवल्यावर नको. फसलेल्या प्रयत्नानंतर लगेच तर नकोच. फ्लोरेन्स आणि एडवर्डने आपलं सगळ्यात अवघड बोलणं त्यांच्या सगळ्यात वाईट क्षणी केलं; दोघंही तेव्हा लाजेने पोळलेले होते, आणि लाजलेला माणूस हमखास टोचून बोलतो. तुम्ही चालायला जा, तळजाईवर किंवा जवळच्या एखाद्या बागेत. शेजारी शेजारी चालताना डोळ्यांत पाहावं लागत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं. तिथे सरळ सांग: ‘मला तुम्ही हवे आहात. माझं शरीर मला न विचारता आखडतं. यावर उपचार आहेत असं कळलंय. आपण दोघं जाऊ या का?’ पहिलं वाक्य गाळू नकोस. सव्वा वर्ष त्याला नकारच दिसला आहे. हे वाक्य त्याने बहुतेक ऐकलेलंच नाही.

डॉक्टर निवडताना फोनवरच विचार: संबंधाच्या वेळी दुखणं यावर तुम्ही उपचार करता का? तपासणी हळू कराल का, मी थांबा म्हटलं तर थांबाल का? पहिल्या भेटीत आतून तपासणी झालीच पाहिजे असं नाही. कोणी न ऐकता, रागावून किंवा ‘एवढं काय त्यात’ म्हणत तपासू लागलं तर उठून ये. कोणी पहिल्याच भेटीत भूल देऊन पडदा कापू असं सुचवलं, तर दुसरं मत घे. मूळ कारण स्नायूंचं असेल तर कापून काही साधत नाही. आणि सासूबाईंचा प्रश्न मिटावा म्हणून थेट मूल होण्याचे उपचार सुरू करायचा मोह टाळा. मूल झालं तरी हा त्रास तिथेच राहू शकतो, शिवाय बाळंतपणाच्या तपासण्याही तुला जड जातात.

उपचार साधारण असे असतात. आधी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ओळखायला शिकवतात: आवळायचे, मग जाणीवपूर्वक सोडायचे, श्वासाबरोबर. हे काम पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे याच स्नायूंचं, खास शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्ट करतात, पुण्यात त्या मिळतील. मग लहानापासून मोठ्यापर्यंत मापांचे गुळगुळीत डायलेटर, म्हणजे योनीत हळूहळू घालायच्या कांड्या, असतात. ते तू स्वतः, तुझ्या हाताने, तुझ्या गतीने वापरायचे, भरपूर वंगण लावून. पाण्यावर आधारलेलं वंगण औषधांच्या दुकानात मिळतं. खोबरेल वापरणार असाल तर निरोध वापरू नका, तेलाने रबर फाटतं. यात आठवडे जातात, कधी महिने. पण नेटाने केलं तर बहुतेक जणींना चांगला गुण येतो, आणि याच भरवशावर मी तुला घर मोडू नकोस म्हणते आहे.

याच्या जोडीला दोघांनी मिळून करायचं एक काम आहे. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांच्या जोडीने ते १९७० साली मांडलं आणि आजही समुपदेशक तेच देतात. पहिले काही आठवडे संबंधाला पूर्ण बंदी. प्रयत्नही करायचा नाही, हे दोघांनी एकमेकांना शब्द देऊन ठरवायचं. मग आळीपाळीने नुसता स्पर्श: पाठ, हात, पाय, मान. छाती आणि खालचा भाग मात्र वगळायचा. ज्याला स्पर्श होतो आहे त्याने फक्त सांगायचं, इथे आवडतंय, इथे नको. पुढच्या टप्प्यात वगळलेले भाग येतात, तेही कुठे पोहोचायचंय असं न ठेवता. संबंध अगदी शेवटी. या बंदीमुळे तुझं शरीर ‘आता काय होणार’ या धास्तीतून सुटतं आणि त्याची परीक्षाही रद्द होते. तुमच्याकडे हे दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतंय. तू घाबरतेस म्हणून तो घाई करतो, त्याची घाई पाहून तू आणखी घाबरतेस.

राहता राहिल्या सासूबाई. वन बीएचकेमध्ये हे सगळं कसं जमायचं, हा खरा पेच आहे आणि कुठल्याही इंग्रजी पुस्तकात त्याचं उत्तर नाही. त्या महिन्यातून चार दिवस लेकीकडे किंवा गावी जाऊ शकत असतील तर नवऱ्याने ते जुळवावं. तू सुचवलंस तर गैरसमज होईल. खोलीला आतून कडी नसेल तर बसवून घ्या. पंखा, रेडिओ काहीतरी चालू ठेवा. हॉटेलात जाऊन ‘आता इथे जमलंच पाहिजे’ असं मात्र करू नका. गोड बातमीच्या प्रश्नाला यापुढे त्याने उत्तर द्यावं: ‘आई, आमचं आम्ही बघतोय, हिला विचारू नकोस.’ एवढंच, प्रत्येक वेळी, त्याच शब्दांत.

मावसबहिणीला सांग, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १२व्या कलमाखाली तशी तरतूद आहे, पण लग्न आपोआप रद्द होत नाही. तुम्हा दोघांपैकी कोणी कोर्टात गेलं तरच तो प्रश्न येतो. तिने त्यात पडायचं कारण नाही.

यापुढचं तुझ्या नवऱ्यासाठी लिहिते आहे. त्याला वाचायला दे.

तुमची माझी ओळख नाही. तुमची पत्नी रडली की तुम्ही थांबलात, हे तिने पत्रात लिहिलं आहे. सगळे नवरे थांबत नाहीत. तुमच्याबद्दल मला आदर वाटतो तो त्यामुळे. तिने तुम्हाला फसवलेलं नाही. आणि तुमचं लवकर होतं, यात तुमच्या पुरुषपणाची कसोटी नाही. ताण, काळजी, कितीतरी दिवसांचं अंतर, यांत सुरुवातीला हे अनेकांना होतं आणि त्यावरही साधे उपाय आहेत. रेल्वे स्टेशनबाहेरच्या भिंतींवरच्या जाहिरातीतल्या ‘गुप्तरोगतज्ज्ञा’कडे जाऊ नका, ऑनलाइन गोळ्या मागवू नका, आणि धीर यावा म्हणून दारू तर घेऊच नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा मूत्रविकारतज्ज्ञ यांच्याकडे जा. फसलेल्या प्रयत्नानंतर भिंतीकडे वळू नका. काही सुचत नसेल तर नुसतं तिच्याकडे तोंड करून पडा. तिच्या तपासणीच्या दिवशी ऑफिसातून रजा टाका आणि सोबत जा. डॉक्टरांच्या खोलीत आत बसायचं की बाहेर थांबायचं, हे घरातून निघण्याआधी तिला विचारून ठेवा.